सागरविज्ञानाचे ग्रंथालय चालवताना: आधी फुकटचे गोळा करा, मग पैसे मागा

मत्स्यविज्ञान किंवा सागरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयात तुम्ही नव्याने ग्रंथपाल म्हणून रुजू झाला असाल, किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयात समुद्रविषयक विभाग सुरू करायचे घाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची किनारपट्टी आणि गोवा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

नवा माणूस बहुधा एकाच क्रमाने जातो. प्राध्यापकांकडून पुस्तकांची आणि जर्नलांची यादी घ्यायची, विक्रेत्यांकडून कोटेशन मागवायचे, आकडा पाहून हबकायचे आणि मग निधीसाठी अर्ज लिहायला बसायचे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. भारतातले सागरी संशोधन मुख्यतः सरकारी संस्थांनी केले आणि त्यातले पुष्कळसे त्यांनी सर्वांसाठी खुले केले आहे. जे खुले आहे ते आधी हाताशी आणा. त्यानंतर जी पोकळी उरेल तिच्यासाठीच पैसे मागा. आपल्याकडे ही पोकळी परदेशी जर्नलांपेक्षा आपल्याच गावातल्या, मराठीतल्या कागदांची जास्त असते, आणि तिच्यासाठी निधी मागणारे फार थोडे आहेत.

पहिले काम: प्रश्नांची वही

टेबलावर एक वही ठेवा. तारीख, विचारणारा कोण (विद्यार्थी, शिक्षक, मच्छीमार, पत्रकार), त्याने काय मागितले, मिळाले का, कुठे मिळाले, आणि मिळाले नसेल तर का, एवढे रकाने पुरे. निदान एक सत्रभर ही वही नेमाने भरा. 'खाडीतल्या तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) काही आहे का', 'डोल जाळ्याचा इतिहास हवा', 'आमच्या बंदराचे जुने मासळीचे आकडे मिळतील का' असे प्रश्न त्यात जमत जातात. पुढे निधी देणारा 'गरज काय?' असे विचारील तेव्हा या वहीचा गोषवारा अर्जाला जोडता येतो, आणि तो कोणत्याही गोड शब्दांपेक्षा जास्त पटतो.

दुसरे काम: आपल्या देशातली खुली भांडारे

सुरुवात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेपासून, म्हणजे सीएमएफआरआयपासून करा. ही संस्था १९४७ सालची. तिच्या ई-प्रिंट्स भांडारात शोधनिबंध, बुलेटिने, प्रशिक्षण पुस्तिका, मासळीच्या आवकेचे अहवाल असे साहित्य आहे आणि त्यातले बरेच पूर्ण मजकुरासह उतरवून घेता येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या कामासाठी याहून उपयोगी ठिकाण मला माहीत नाही.

दुसरे ठिकाण गोव्यातले. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एनआयओ, १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ स्थापन झाली. तिच्या डिजिटल भांडारात तिथल्या शास्त्रज्ञांचे निबंध आहेत. पाण्याचे प्रवाह, गाळ, रसायन, प्लवंग, किनाऱ्याची धूप असे विषय आले की इथे बघायचे. मासळीवरची प्रक्रिया, जाळी आणि होड्या यांसाठी कोचीच्याच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचे भांडार चांगले.

प्रबंधांसाठी दोन जागा आहेत. विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या 'शोधगंगा'वर आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश'वर. रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे, त्यामुळे तिथल्या विद्यार्थ्यांचे काम कृषिकोशात शोधायचे. शोधगंगेत ते न दिसल्यास नाही असे समजू नका. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे प्रबंधही कृषिकोशातच पाहावेत.

जर्नलांपैकी चार नावे पाठ करून ठेवा. 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' (१९५४ पासून), मरीन बायॉलॉजिकल असोसिएशन ऑफ इंडियाचे जर्नल (१९५९ पासून), 'इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस' (१९७२ पासून, आता 'जिओ-मरीन सायन्सेस') आणि प्राणी सर्वेक्षण विभागाचे 'रेकॉर्ड्स'. ही चारही फुकट वाचता येतात. यांची वर्गणी भरण्याचा प्रस्ताव आला तर छापील अंक कोण वाचणार ते आधी विचारा.

तिसरे काम: बाहेरची भांडारे

जगभरच्या सागरी ग्रंथालयांची एक संघटना आहे, आयमस्लिक. १९७५ पासून ती चालू आहे. तिने आणि युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाने मिळून 'ॲक्वाडॉक्स' हे भांडार चालवले आहे. आधीची 'ओशनडॉक्स' आणि 'ॲक्वाटिक कॉमन्स' ही दोन भांडारे त्यातच मिसळली आहेत, म्हणून जुन्या यादीतले दुवे उघडले नाहीत तर साहित्य गेले असे समजू नका, ॲक्वाडॉक्समध्ये तेच शीर्षक टाका. ॲक्वाडॉक्सचा आणखी एक उपयोग पुढे येईल.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची, एफएओची, प्रकाशने फुकट मिळतात. त्यातले एक काम आपल्यासाठी सोन्यासारखे आहे. १९८४ साली एफएओने पश्चिम हिंदी महासागरातल्या, म्हणजे 'मत्स्यक्षेत्र ५१' मधल्या, मासळीच्या ओळखपत्रिका काढल्या. आपला किनारा याच क्षेत्रात येतो. चित्रे, ओळखीच्या खुणा, सारख्या दिसणाऱ्या जातींतला फरक, सारे त्यात आहे. काही शास्त्रीय नावे पुढे बदलली, तरी प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी त्याच्या प्रती छापून टेबलावर ठेवाव्यात इतके ते उपयोगी आहे.

जुन्या ग्रंथांसाठी 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'. फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा १८७५–७८ चा सचित्र ग्रंथ, 'चॅलेंजर' मोहिमेचे (१८७२–७६) अहवाल, 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरून गोळा केलेल्या प्राण्यांची चित्रे, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड इथे पानन् पान पाहता येतात. हे विकत घ्यायचे म्हटले तर एखाद्या महाविद्यालयाचे वर्षाचे अंदाजपत्रक पुरणार नाही.

नावे तपासायला 'वर्म्स' ही सागरी जीवांची जागतिक नोंदवही, माशांसाठी 'फिशबेस' आणि कुठला जीव कुठे सापडला त्या नोंदींसाठी 'ओबिस'. एवढ्यावर नव्या माणसाचे भागते.

एक शोध, पायरीपायरीने

समजा एका मुलीला बोंबलावर प्रकल्प करायचा आहे. तिने शोधपेटीत मराठीत 'बोंबील' टाकले, पाककृती आल्या. इंग्रजीत 'बॉम्बे डक' टाकले, पुन्हा निम्म्या पाककृतीच. ती तुमच्याकडे येते.

आधी फिशबेस उघडा आणि 'बॉम्बे डक' या प्रचलित नावावरून शास्त्रीय नाव काढा: हार्पाडॉन नेहेरियस. मग हेच नाव वर्म्समध्ये टाका. तिथे मान्य नावाखाली जुनी नावेही दिसतात. हॅमिल्टनने १८२२ मध्ये या माशाचे वर्णन केले तेव्हा त्याला ऑस्मेरस या प्रजातीत घातले होते. आता महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या निबंधांत या नावाचे स्पेलिंग 'हार्पोडॉन' असे आहे, म्हणजे मधल्या 'ए'च्या जागी 'ओ'. त्यामुळे आजचे स्पेलिंग टाकून शोधले तर १९५० ते १९८० च्या दरम्यानचे काम निसटून जाते, आणि डोल जाळ्यातल्या बोंबलावरचे पायाभूत काम नेमके त्याच काळातले आहे.

सीएमएफआरआयच्या भांडारात दोन्ही स्पेलिंगे वेगवेगळी टाका. जुन्या स्पेलिंगवर १९७० सालचे बोंबलावरचे आख्खे बुलेटिन हाती लागते. त्याच्या शेवटची संदर्भसूची काढून घ्या आणि त्यातले निबंध वर सांगितलेल्या जर्नलांत एकेक करून शोधा. नंतर गूगल स्कॉलरमध्ये याच बुलेटिनचे नाव टाकून त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते बघा. मागे आणि पुढे असे दोन्हीकडे गेलात की एका दुपारी तीस-चाळीस संदर्भ जमतात आणि त्यातले बरेचसे पूर्ण मिळतात.

हा सगळा माग एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा बोंबीलच मागायला येणार आहे. असे 'मागपत्र' बांगडा, तारली, पापलेट, कोळंबी, कालव, तिवरे, किनाऱ्याची धूप अशा विषयांवर तयार करत गेलात तर दोन वर्षांत तुमच्या ग्रंथालयाची खरी संपत्ती तीच होईल. ती झोटेरो या फुकट प्रणालीत साठवा, विषयवार कप्पे करा, आणि मराठी नाव, शास्त्रीय नाव व जुने नाव तिन्ही खूणशब्द म्हणून द्या.

पैसे मोजून वाचायचे लेख

काही लेख कुलूपबंद असतातच. तिथे हा क्रम ठेवा.

तुमची संस्था सरकारी उच्च शिक्षण संस्था किंवा केंद्राची संशोधन संस्था असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तिचे नाव आहे का ते पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नले असा तिचा आवाका आहे. अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे आहे. एखाद्या संस्थेचे नाव यादीत असते आणि तिथल्या ग्रंथपालालाच ते माहीत नसते, असे व्हायला नको, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात तपासा. कृषी विद्यापीठाच्या छत्राखालील महाविद्यालयांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचा 'सेरा' हा जर्नलांचा संघ आहे, त्याचीही चौकशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात करा.

यादीत नाव नसेल तर 'अनपेवॉल' हे ब्राउझरमध्ये बसवायचे छोटे साधन घ्या. कुलूपबंद लेखाची लेखकाने दुसरीकडे कायदेशीरपणे ठेवलेली प्रत असेल तर ते दाखवते. तरीही नाही मिळाला तर लेखकाला ईमेल करा. दोन ओळी पुरेत: आम्ही अमुक ग्रंथालय, आमच्या विद्यार्थ्याला तुमचा हा लेख अभ्यासासाठी हवा आहे. सागरी क्षेत्रातले शास्त्रज्ञ बहुतेक वेळा पाठवतात. त्यापुढची पायरी म्हणजे दिल्लीच्या 'डेलनेट' या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासदत्व. सागरी विषय मुख्य असेल तर आयमस्लिकचे सभासदत्वही घ्या, तिथली ग्रंथालये एकमेकांना लेखांच्या प्रती पुरवतात.

'रिसर्च फॉर लाइफ' या योजनेचे नाव तुम्हाला कोणीतरी सांगेल. गरीब देशांतल्या संस्थांना फुकट किंवा स्वस्तात जर्नले देणारी ती योजना आहे, पण भारत तिच्या पात्र देशांत नाही. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

आणि चोरून चढवलेल्या प्रतींच्या संकेतस्थळांचे दुवे ग्रंथालयाच्या यादीत कधीही घालू नका. विद्यार्थी स्वतः काय करतात हा वेगळा प्रश्न, पण तुमच्या शिक्क्याच्या कागदावर ते नाव आले की निधी मागताना त्याचा जाब द्यावा लागतो.

आता उरलेली पोकळी

इतके केल्यावर प्रश्नांची वही पुन्हा उघडा. न मिळालेल्या गोष्टींवर खूण करा. एक नमुना स्पष्ट दिसेल. जगाच्या समुद्राविषयी बरेच मिळते, आपल्या बंदराविषयी मिळत नाही.

ते साहित्य अस्तित्वात आहे, फक्त ते कपाटात आहे. मच्छीमार सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्ते, डिझेल आणि बर्फाच्या नोंदवह्या. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जुन्या मराठी पुस्तिका आणि वार्षिक मत्स्योत्पादन अहवाल. सणांच्या स्मरणिका, होडीबांधणीची आरेखने, जुनी छायाचित्रे. निवृत्त शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतलेली सर्वेक्षणे. दमट हवेत आणि वाळवीत हे दरवर्षी थोडे थोडे जाते आहे. एखादी संस्था नव्या इमारतीत गेली की जुने दप्तर रद्दीत निघते, आणि त्या रद्दीत कधीकधी एखाद्या बंदराच्या तीस वर्षांच्या नोंदी असतात. हे कागद वाचवणे हेच किनाऱ्यावरच्या ग्रंथालयाचे आज सर्वांत निकडीचे काम आहे, असे मी ठामपणे म्हणेन. परदेशी जर्नल उद्याही विकत मिळेल, ही वही मिळणार नाही.

काम किती आणि खर्च किती याचा हिशेब मांडून बघा. समजा १२,००० पाने आहेत. पाने सरळ करणे, स्कॅन करणे आणि तपासणे धरून एक माणूस दिवसाला ३०० पाने करतो असे धरले तर ४० कामाचे दिवस, म्हणजे सुट्ट्या आणि अडचणी धरून अडीच महिने. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयला रंगीत, न दाबता साठवले की साधारण २६ एमबी जागा घेते. १२,००० पानांचे सुमारे ३१२ जीबी झाले. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या; एक ग्रंथालयात, दुसरी दुसऱ्या इमारतीत. जुन्या शिवलेल्या वह्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर दाबू नका, शिवण उसवते. वरून छायाचित्र घेणारा ओव्हरहेड स्कॅनर लागतो. छापील मराठी मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट ही फुकट प्रणाली चालते. हस्तलिखितांना ती उपयोगी पडत नाही, त्यांची सूची हातानेच करायची: गाव, संस्था, वर्ष, विषय, पान. मोडीतले कागद निघाले तर वेगळे काढून जाणकाराला दाखवा.

कायद्याची बाजू आधीच समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि सरकारी प्रकाशनांना प्रकाशनापासून ६० वर्षे हक्क राहतो. मूळ छापील प्रत तुमच्याकडे असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवण्याची मुभा बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली आहे. साठवणे आणि जगासाठी खुले करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खुले करायचे असेल तर संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव आणि लेखी परवानगी घ्या. आणि ज्या पानांवर सभासदांची कर्जे, थकबाकी, घरगुती तपशील आहेत ती पाने खुली करू नका, परवानगी असली तरी नको.

खुले करण्याजोगे जे असेल ते तुमच्या डीस्पेसमध्ये, म्हणजे डिजिटल भांडार चालवण्याच्या प्रणालीत, ठेवा. स्वतःचा सर्व्हर सांभाळणे शक्य नसेल तर ॲक्वाडॉक्समध्ये चढवता येईल का ते त्यांना विचारा. लहान ग्रंथालयांचे साहित्य सामावून घ्यावे हाही त्या भांडाराचा एक हेतू आहे.

पैसा कुठून

आधी दाराआड काय आहे ते बघा. महाविद्यालय असाल तर ग्रंथालय समितीची बैठक दिवाळीच्या सुमारास घ्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मागणी जाते. मार्चअखेरीस घाईत मागितलेले पैसे नको त्या पुस्तकांवर खर्च होतात. प्राध्यापक जेव्हा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे किंवा महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे प्रकल्प पाठवतात, तेव्हा मसुदा जाण्याआधी त्यांना भेटा. संदर्भसाहित्य, स्कॅनिंग आणि माहितीची साठवण यांचा खर्च नियमांत बसत असेल तिथे त्यांना धरायला सांगा. प्रकल्प मंजूर झाल्यावर गेलात तर कुठलेच खाते हलवता येत नाही.

सार्वजनिक वाचनालयांची वाट वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ खाली मान्यता असलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार ग्रंथालय संचालनालयाचे अनुदान मिळते. त्याशिवाय कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्थापना १९७२) समान निधी (यात राज्यही वाटा घालते) आणि असमान निधी (यात पैसा प्रतिष्ठानाचाच) अशा दोन प्रकारच्या योजनांतून मदत करते. अर्ज राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत जातो, थेट कोलकात्याला नाही. तपशील जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतात. गोव्यात चौकशीचे ठिकाण म्हणजे पणजीच्या पाटो भागातले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ सालचे ते ग्रंथालय गोव्याविषयीच्या जुन्या साहित्यासाठीही बघायलाच हवे.

महाविद्यालयांना प्रतिष्ठानाच्या या योजना मिळत नाहीत. इथे एक सुचवतो. गावातले मान्यताप्राप्त वाचनालय आणि जवळचे मत्स्य महाविद्यालय यांनी एकत्र यावे. वाचनालयाने पात्र योजनेतून कपाटे, संगणक, मराठी पुस्तके मिळवावीत आणि महाविद्यालयाने विषयाचे ज्ञान, सूची आणि विद्यार्थ्यांचे हात द्यावेत. दोघांत लेखी करार असावा. कोळीवाड्यातला माणूस महाविद्यालयाच्या फाटकातून आत जायला कचरतो, वाचनालयात तो सहज येतो, हा फायदा वेगळाच.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, हे मोठे दार आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करायचे असतात. कोणत्या कामांवर, ते अनुसूची ७ मध्ये दिले आहे. तिथे शिक्षण आहे, पर्यावरण आहे, आणि सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे हेही स्पष्ट शब्दांत आहे. अर्जात तो नेमका मुद्दा लिहा, म्हणजे कंपनीतल्या माणसाला फाइल पुढे सरकवणे सोपे जाते. आपल्या किनाऱ्यावर माझगाव डॉक, गोवा शिपयार्ड, ओएनजीसी यांसारख्या समुद्राशी थेट नाते असलेल्या सार्वजनिक कंपन्या आहेत. पण त्याआधी तुमच्या जिल्ह्यात कोणाचा कारखाना, जेट्टी किंवा शीतगृह आहे ते पाहा.

इथे कागदपत्रे अडतात. मदत घेणारी संस्था नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी हवी, तिच्याकडे आयकराची १२-ए आणि ८०-जी नोंदणी हवी, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरची नोंदही बऱ्याच ठिकाणी मागतात. हे सगळे व्हायला काही महिने जातात, तेव्हा देणगीदार सापडण्याआधीच सीएला गाठा.

परदेशातून पैसा घ्यायचा तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत ठरलेले खाते लागते. ते नसताना एक रुपयाही स्वीकारू नका, देणगीदार नातेवाईक असला तरी आधी सीएला विचारा. अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेली आपल्या गावची मंडळी देणगी द्यायला उत्सुक असतात, त्यांनाही हे आधीच सांगावे. ही नोंदणी असेल तर विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या धोक्यातल्या दप्तरांच्या डिजिटायझेशनसाठी लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा 'मॉडर्न एन्डेन्जर्ड अर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' आहे. सहकारी संस्थांचे दप्तर त्याच्या विषयात बसते. अर्ज फेऱ्यांनी मागवले जातात, सध्या फेरी चालू आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

अर्ज कसा लिहावा

पहिला परिच्छेद असा असू द्या. नमुना देतो, आकडे तुमचे घाला:

'आमच्या तालुक्यातील चार मच्छीमार सहकारी संस्थांकडे १९६० पासूनची सुमारे १२,००० पाने आहेत. त्यातली दोन संस्थांची कपाटे गेल्या पावसाळ्यात भिजली. ही पाने अडीच महिन्यांत स्कॅन करून, सूची करून, संस्थांच्या लेखी परवानगीने अभ्यासकांना आणि मच्छीमारांना विनामूल्य उपलब्ध करून द्यायची आहेत. खुल्या भांडारांत शोध घेतला असता यातले काहीही कुठे उपलब्ध नाही, शोधाची नोंद सोबत जोडली आहे.'

चार वाक्यांत काय, किती, का आता आणि दुसरीकडे का नाही, हे सगळे आले. 'समुद्र ही मानवजातीची संपत्ती आहे' अशा वाक्यांनी सुरू होणारे अर्ज पहिल्या पानावरच मागे पडतात. सोबत प्रश्नांच्या वहीचा एक पानी गोषवारा, संस्थांचे ठराव, तीन कोटेशने, कामाचे वेळापत्रक आणि भिजलेल्या कपाटाचे एक छायाचित्र जोडा.

खर्चाच्या तक्त्यात एक पथ्य कडकपणे पाळा. एकदाच मिळणाऱ्या पैशातून दरवर्षी भरावी लागणारी वर्गणी घेऊ नका. अनुदान संपते, जर्नल बंद होते आणि मागचे अंकही कधीकधी दिसेनासे होतात. एकदाच्या पैशातून स्कॅनर, डिस्क, मानधन, पुठ्ठ्याची आम्लविरहित खोकी आणि प्रशिक्षण घ्या. कोहा ही ग्रंथालय प्रणाली आणि डीस्पेस या दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या रकान्यात फक्त बसवण्याचा आणि शिकवण्याचा खर्च येतो. प्रशिक्षणासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या महासागर माहिती केंद्रात चालणाऱ्या सागरी प्रशिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम बघत राहा. सागरी माहितीचे व्यवस्थापन हा विषय तिथे असतो.

पैसे आले की त्यांची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळ्या खातेवहीत ठेवा. सरकारी अनुदान असेल तर वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, केंद्राच्या अनुदानासाठी सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नमुना १२-ए आहे. बिले, दाखलनोंद वहीतले क्रमांक आणि साठ्याची नोंद एकमेकांशी जुळली पाहिजे. मंजूर शीर्षाबाहेर खर्च करायची वेळ आली तर आधी लेखी परवानगी घ्या, फोनवरचे 'चालेल हो' ऑडिटला चालत नाही. पहिला हप्ता नीट मांडला नाही म्हणून दुसरा अडकतो, आणि तोवर स्कॅनिंगला ठेवलेला मुलगा दुसरीकडे नोकरीला लागतो.

काम संपले की मूळ कागद ज्या संस्थेचे त्या संस्थेला यादीप्रमाणे मोजून परत करा आणि पोच घ्या. सोबत त्यांच्या दप्तराच्या सगळ्या प्रती एका पेनड्राइव्हवर आणि सूचीची छापील प्रत द्या. शेजारच्या गावातली संस्था आपले कपाट तुमच्यासाठी उघडेल की नाही, ते बहुतेक वेळा या परतफेडीवरच ठरते.